ती स्वतःहून गेली का?



आदिवासी मुली आणि बायांमधल्या कामाविषयी मंडळ्यांमध्ये बोलायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. सभा चालू असताना तो कोणी विचारत नाही. चहाच्या वेळी, जरा बाजूला घेऊन विचारतात, "त्या बाया जबरदस्तीने नेल्या जातात, की स्वतःहून जातात?" विचारणाऱ्याच्या मनात पुढचा हिशोब बहुधा तयार असतो. जबरदस्तीने नेली असेल तर तिच्यासाठी प्रार्थना आणि देणगी. स्वतःहून गेली असेल तर तिचे ती पाहून घेईल.

प्रश्न वाईट नाही. तो टाळणारे कार्यकर्तेच उलट अडचणीत येतात, कारण मदत कोणती करायची हे त्याच्या उत्तरावर ठरते. पण "जबरदस्ती" आणि "स्वखुशी" या दोन खणांत सगळ्या बायांना बसवायला गेले, की बहुतेक जणी दोन्हींच्या बाहेरच उरतात. असे का होते, ते या लेखात आपल्या विदर्भातली आणि महाराष्ट्रातली उदाहरणे घेऊन पाहू.

आधी जिथे वादच नाही ते बाजूला काढू. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर तिची संमती हा विषयच उरत नाही. ती "हो" म्हणाली, आईबापांनी "हो" म्हटले, लग्न लावून दिले होते, यातले काहीही कायदा ऐकत नाही. तो गुन्हा आहे, आणि तो तिला नेणाऱ्याचा, ठेवणाऱ्याचा आणि तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे. सज्ञान बाईच्या बाबतीतही फसवून, धमकावून, तिच्या अडचणीचा फायदा घेऊन किंवा तिच्यावर हुकमत असलेल्या माणसाला पैसे देऊन तिला नेले, तर तो मानवी व्यापार ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये हे आले आहे, आणि अशा वेळी तिने संमती दिली होती की नाही हे गैरलागू आहे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. "ती तर स्वतःच गाडीत बसली" हा दलालाचा बचाव म्हणून चालत नाही.

आता उरतात त्या सज्ञान बाया, ज्यांना कोणी बांधून नेले नाही. खरा प्रश्न त्यांचाच आहे.

दिवाळीनंतरचे महिने

कामरगाव आणि कारंजा तालुक्यातल्या आपल्या वाचकांना वर्षाचे चक्र सांगायला नको. पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी थोडे लिहितो. आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी दसरा-दिवाळीच्या आसपास उरकते. कापसाची वेचणी आणि तूर त्यापुढे थोडे दिवस हाताला काम देतात. ज्याचे स्वतःचे वावर नाही किंवा आहे ते कोरडवाहू दोन-तीन एकर, त्याला त्यानंतर गावात काम नसते. मग वीटभट्टी, ऊसतोड, बांधकाम. पारधी बेड्यावरची, आंध वस्तीवरची, तांड्यावरची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि निघतात. उचल म्हणजे कामाआधी हातात पडलेले कर्ज. ते फिटेपर्यंत माणूस मुकादमाचा.

अशा घरातल्या एका बाईचा विचार करा. ही गोष्ट कोणा एकीची नाही; अनेक ठिकाणी अनेक वेळा घडते तशी मांडली आहे. नवरा दारूने गेला किंवा सोडून गेला. पदरात दोन लेकरे. सासरचे ठेवत नाहीत, माहेरी भावजय आहे. नवऱ्याच्या नावावर घेतलेली उचल मुकादम तिच्याकडे मागतो. छोट्या कर्जाच्या कंपनीचा आठवड्याचा हप्ता आहे आणि वसुलीवाला ठरल्या दिवशी दारात उभा असतो. जातीचा दाखला नाही, कारण जुना महसुली पुरावा नाही. दाखला नाही म्हणून योजना नाही. रेशनकार्डावर तिचे नाव सासरच्या गावी आहे.

अशा वेळी तिच्याकडे येतो तो कोणी अनोळखी गुंड नसतो. सिनेमाने आपल्या डोक्यात बेशुद्ध करून पळवून नेणारा माणूस भरवला आहे. तसेही घडते. पण अनेकदा येते ती ओळखीचीच बाई, नात्यातली किंवा शेजारच्या वस्तीवरची. दोन-तीन वर्षांपूर्वी तीही अशीच गेलेली असते. आता तिच्या घरावर पत्रे आहेत आणि तिचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. ती म्हणते, "नागपूरला चल. घरकाम आहे." किंवा तेवढेही खोटे न बोलता, "काम कसले ते तुला कळेलच, पण हप्ता फिटेल."

ही बाई गेली तर ती स्वतःहून गेली की जबरदस्तीने? तिचा हात कोणी धरला नाही. पण तिच्या पुढ्यात पर्याय किती होते, ते मोजून पाहा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गरीब बाया लाखो आहेत, त्या सगळ्या काही या मार्गाला लागत नाहीत. दिवसभर निंदण करून, डोक्यावर विटा वाहून त्या लेकरे वाढवतात. मग गरिबी हे कारण कसे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९३६ मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढे भाषण केले, तेव्हा त्यांनी जवळपास हाच मुद्दा मांडला होता. गरिबीतही मानाने जगता येते, हा धंदा सोडा, असे त्यांनी त्यांना बजावले. ते दया दाखवायला गेले नव्हते. ज्या समाजाला त्यांना उभे करायचे होते त्यातल्या बायांकडे ते स्वाभिमानाची मागणी करत होते, आणि त्या मागणीचा मला आदर आहे.

आक्षेपाचे उत्तर असे, की नुसत्या गरिबीने बाई या मार्गाला लागत नाही. गरिबी, त्यात आधार देणारे माणूस तुटणे, त्यात अचानक उभी राहिलेली पैशाची गरज, आणि वाट माहीत असलेली ओळखीची व्यक्ती, या चार गोष्टी एका वेळी एकत्र येतात तेव्हा ती जाते. शेजारच्या झोपडीतली तेवढीच गरीब बाई जात नाही, कारण तिचा भाऊ तिला धरून आहे, किंवा तिच्या वस्तीवर अजून कोणी दलाल पोचलेला नाही. तिच्या चारित्र्याचे श्रेय तिला जरूर द्या. पण तिच्या भावालाही थोडे द्या.

विचारले तर त्या काय म्हणतात

पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासक रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी देशातल्या १४ राज्यांतल्या ३००० देहविक्रय करणाऱ्या महिलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे सत्तर टक्के जणींनी आपण स्वतःच्या इच्छेने आलो असे सांगितले. हा आकडा ऐकून काही जण खूश होतात, काही अस्वस्थ. दोघांनीही पाहणीचा पुढचा भाग वाचायला हवा. त्यातल्या पुष्कळ जणी आधी शेतमजुरी, घरकाम, बांधकाम अशी कामे करून आल्या होत्या. म्हणजे त्यांना दुसरे काम ठाऊक नव्हते असे नाही. ते काम करून पाहिले होते आणि त्यात भागत नव्हते. शिवाय त्या कामांवरही ठेकेदार आणि मालक अंगाला हात लावतच होते, हे वीटभट्टीवर राहिलेली कोणतीही बाई विश्वास बसल्यावर सांगते.

अर्थात खोलीत कोंडून ठेवलेल्या मुलीपर्यंत पाहणी करणारा पोचत नाही, हेही लक्षात ठेवावे. सत्तर टक्के हा उत्तर देऊ शकणाऱ्यांचा आकडा आहे.

मुंबईच्या मजूरनाक्यांवर स्वाती शाह या संशोधिकेने अनेक वर्षे काम केले आणि २०१४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. महाराष्ट्राच्या दुष्काळी भागांतून आलेल्या बाया सकाळी नाक्यावर बांधकामाच्या मजुरीसाठी उभ्या राहतात. ज्या दिवशी काम मिळत नाही, त्या दिवशी त्यांतल्या काही जणी त्याच नाक्यावरून गिऱ्हाइकाबरोबर जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोक्यावर घमेले. म्हणजे "मजूर बाई" आणि "वेश्या" अशा दोन वेगळ्या जाती आपण मनात मानतो, तशा त्या नाक्यावर नसतात. बाई तीच असते. त्या दिवशी काम मिळाले की नाही, एवढाच फरक.

एक तुलना करतो, ती विषयाबाहेरची वाटेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, म्हणून बाया तरुण वयात पिशवी काढून घेत होत्या. प्रत्येकीने कागदावर अंगठा उठवला होता. त्यांना कोणी टेबलावर बांधले नव्हते. पण "त्यांनी स्वखुशीने गर्भाशय काढले" असे वाक्य आपण उच्चारू का? जे वाक्य ऊसतोड बाईविषयी बोलायला जीभ रेटत नाही, ते बाजारातल्या बाईविषयी आपण सहज बोलतो.

उलट बाजूनेही तितकेच प्रामाणिक राहायला हवे. "बिचारीला काही कळत नव्हते" असे म्हणणे हाही तिचा अपमान असू शकतो. सांगलीत १९९६ पासून "वेश्या अन्याय मुक्ती परिषद" ही या बायांचीच संघटना काम करते. तिच्यातल्या बाया उघडपणे सांगतात की आम्ही विचार करून हे काम करतो, आमच्या कमाईने घरे चालतात, आम्हाला सोडवायला येऊ नका, पोलिसांच्या काठीपासून आणि फुकट्यांपासून वाचवा. ख्रिस्ती माणूस म्हणून मला हे काम चांगले वाटत नाही आणि वाटणारही नाही. पण एखादी सज्ञान बाई स्वतःविषयी काही सांगत असेल तर ते ऐकून न घेताच तिच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार मला कोणी दिला?

रीत आणि फसवणूक

काही जमातींमध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ मधल्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनामुळे मराठी वाचकाला कोल्हाटी समाजातली रीत ठाऊक झाली. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर बाप आणि भाऊ बसून खातात, आणि तिला लग्न नाकारले जाते. तिथे मुलगी पळवली जात नाही, ती घरातच तयार केली जाते. दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माला मुली सोडण्याची चाल तशीच. ती बंद करण्यासाठी मुंबई प्रांतात १९३४ मध्ये कायदा झाला आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा नवा करावा लागला, यावरूनच ती किती चिवट आहे ते कळते. लहानपणापासून एकच वाट दाखवली गेलेली मुलगी अठराव्या वर्षी "मला हेच करायचे आहे" म्हणते, तेव्हा त्या "मला"मध्ये तिची किती आणि घरच्यांची किती इच्छा असते, हे तिलाही सांगता येणार नाही.

तरीही न्यायालयाने इथे एक रेघ ओढली आहे. मुंबईतल्या एका छाप्यात सापडलेल्या विशीतल्या तीन तरुणी बेडिया समाजाच्या होत्या. समाजातच अशी रीत असल्याने त्यांना घरी पाठवणे धोक्याचे, म्हणून त्यांना एक वर्ष सुधारगृहात ठेवावे असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या सज्ञान आहेत, त्यांनी गुन्हा केलेला नाही, त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबता येणार नाही, असा निर्णय झाला. जमातीचे नाव पाहून मुलीचे भविष्य ठरवू नये, ही गोष्ट आदिवासी आणि भटक्या समाजांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात घ्यावी. पारधी म्हटले की चोर असे समजणारे आणि अमुक जमातीची म्हटले की बाजारातली असे समजणारे, दोघे एकाच पठडीतले.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात तर धंदा हा शब्दही लागू पडत नाही अशी स्थिती आहे. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागातल्या कोलाम पोडांवरच्या कुमारी मातांविषयी वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातूनही अनेक वर्षे चर्चा झाली आहे. रस्त्याच्या कामावर आलेले ठेकेदाराचे लोक, व्यापारी, बाहेरचे नोकरदार लग्नाचे वचन देतात, चार वस्तू देतात, आणि काम संपले की निघून जातात. मुलीच्या हाती मूल राहते. तिला बाजारात कोणी विकले नाही, तिने पैसेही ठरवले नव्हते. पण ज्याच्याकडे रोजगार, मोटारसायकल आणि पैसा आहे त्याला पोडावरची मुलगी "नाही" कसे म्हणेल? अशा एकट्या आईकडेच पुढे दलालाची नजर वळते. म्हणून आपल्या कामाची सुरुवात शहरातल्या गल्लीत नसून पोडावर आहे, असे मी म्हणतो.

आलेली परत का जात नाही

"आली चुकून, पण राहिली का?" हाही प्रश्न येतो. याचे उत्तर पहिल्या प्रश्नापेक्षा सोपे आहे. नव्या मुलीसाठी घरवालीने दलालाला पैसे मोजलेले असतात, आणि ती रक्कम मुलीच्या नावावर कर्ज म्हणून मांडली जाते. ते फिटेपर्यंत तिच्या हाती काही पडत नाही. नंतर ती अधियावर येते, म्हणजे कमाई अर्धी तिची, अर्धी घरवालीची. त्यातून जेवण, औषध, पोलीस, व्याज. गावाकडे पैसे पाठवायला लागली की गावही तिच्या पैशाला सरावते. भावाचे लग्न, बहिणीची फी, घराचे पत्रे. पैसे घेणारे हात तिला दारात मात्र घेत नाहीत. काही वर्षांत मुले होतात, आणि त्या मुलांना बापाचे नाव न विचारणारी जगातली एकच वस्ती तिला माहीत असते.

मुकादमाची उचल आणि घरवालीचे कर्ज यांत मला तरी फार फरक दिसत नाही. दोन्हींत माणूस आधी विकला जातो आणि मजुरी नंतर ठरते. नहेम्याच्या पुस्तकातला पाचवा अध्याय पाहा. दुष्काळात शेते गहाण पडली, मग मुलेमुली गहाण पडली, आणि काही मुली आधीच गुलाम झाल्या आहेत असे लोक रडून सांगतात. नहेम्या त्या मुलींची चौकशी करत बसत नाही. तो सावकारांना बोलावतो आणि शेते परत करायला लावतो.

नागपूरच्या गंगाजमुनाचे काय झाले

इतवारी भागातली गंगाजमुना ही विदर्भातली सर्वांत जुनी आणि मोठी वस्ती. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर पोलिसांनी ती बंद करायला घेतली. रस्त्यांवर अडथळे लावले, जमावबंदी केली, परिसर या धंद्यासाठी निषिद्ध ठरवला. अल्पवयीन मुली आणल्या जातात आणि आजूबाजूच्या रहिवाशांना त्रास होतो, ही कारणे दिली गेली. दोन्ही कारणे खोटी नव्हती. आसपासच्या कुटुंबांनी कारवाईचे स्वागत केले. वस्तीतल्या बाया मात्र रस्त्यावर उतरल्या, आणि ज्वाला धोटे यांनी त्यांची बाजू लावून धरली. आम्ही कुठे जायचे, खायचे काय, मुलांना घेऊन राहायचे कुठे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या गोष्टीत मला सर्वांत बोलके वाटते ते हे की अडथळे एका दिवसात उभे राहिले. त्याच वेगाने घर, काम, शाळा उभी करण्याची तयारी कोणाचीच नव्हती, आमच्यासारख्या संस्थांचीही नाही. वस्ती बंद झाली की बाई धंद्याबाहेर येते असे नाही. ती भाड्याच्या खोलीत, महामार्गावरच्या लॉजमध्ये, मोबाइलवर जाते, जिथे तिच्यापर्यंत ना आरोग्यसेविका पोचते ना आपण. आणि अल्पवयीन मुलगी शोधणे तर आणखी कठीण होते.

आदल्याच वर्षी, कोविडच्या काळात, याच राज्याने वेगळी गोष्ट करून दाखवली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये या बायांना ओळखपत्राचा आग्रह न धरता धान्य द्यायला सांगितले. महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, आणि शाळेत जाणारी मुले असतील तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. ३२ जिल्ह्यांतल्या सुमारे ३१,००० बायांसाठी ही तरतूद होती. रक्कम फार मोठी नव्हती. पण तू कशी आलीस हे न विचारता आज घरात काय आहे हे सरकारने विचारले, असे क्वचित घडते.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. त्या खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. देहविक्रय करणाऱ्या बाईलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी तिच्याशी माणसासारखे वागावे, सुधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायांचा आढावा घ्यावा, तिचे आधारकार्ड निघावे, असे त्यात आहे. कुंटणखाना चालवणे हा गुन्हाच राहिला. स्वखुशीने आलेल्या सज्ञान बाईला छाप्यात पकडू नये या शिफारशीवर मात्र केंद्र सरकारने हरकत घेतली. म्हणजे आपला चहाच्या वेळचा प्रश्न दिल्लीतही अजून सुटलेला नाही.

रमाबाईंनी काय केले

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भीषण होता. (वऱ्हाड तेव्हा त्या प्रांताला जोडलेला नव्हता, तो १९०३ मध्ये जोडला गेला.) पंडिता रमाबाई त्या भागात गेल्या. त्यांनी स्वतः मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती, त्यामुळे उपाशी मुलीची किंमत बाजारात किती खाली येते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मदतीच्या छावण्यांमध्ये तरुण मुली दलालांच्या आणि देखरेख करणाऱ्यांच्याही हाती पडत आहेत, हे त्यांनी पाहिले आणि उघडपणे लिहिले. जिथे धान्य वाटले जात होते तिथेच मुली जात होत्या. दानाच्या जागीही पहारा लागतो, हे आपल्या संस्थांनी विसरू नये.

रमाबाईंनी शेकडो मुली आणि विधवा केडगावला आणल्या. पुढे ज्यांना समाज पतित म्हणत होता त्यांच्यासाठी त्यांनी "कृपासदन" वेगळे काढले. पण मला त्यांच्या कामातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मुक्तीमध्ये माग होते, छापखाना होता, शेती होती, दुभती जनावरे होती. बाई खिळे जुळवायला शिकली, कापड विणायला शिकली. भाकरी मिळवण्याचा दुसरा मार्ग तिच्या हाती असल्याशिवाय तिची सुटका पुरी होत नाही, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आज कित्येक पुनर्वसन केंद्रांत बाईला मेणबत्त्या आणि अगरबत्त्या करायला शिकवतात. त्या विकून महिन्याचे घरभाडे निघत नाही, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता आपल्या हाती काय आहे ते लिहितो. दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्याआधीचे दोन महिने सर्वांत मोलाचे. टोळीबरोबर मुली भट्टीवर जाऊ नयेत म्हणून गावात हंगामी वसतिगृह सुरू होते. त्यासाठी शाळेकडे मुलांची यादी वेळेत जावी लागते, आणि ती यादी करायला आपले तरुण मदत करू शकतात. जातीच्या दाखल्याची प्रकरणे तहसीलमध्ये अडकतात. आदिवासी कुटुंबांच्या योजनांसाठी अकोल्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात खेटे घालावे लागतात. मजुरी बुडवून तिथवर जाणे एकट्या बाईला जमत नाही, सोबत कोणी गेले तर जमते. गावात रोजगार हमीचे काम हवे असेल तर मागणीचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. कोणी बाई मुलींना शहरात "घरकामाला" नेत असेल तर पत्ता, फोन आणि मालकाचे नाव लिहून घ्यावे, आणि आठ दिवसांत मुलीशी प्रत्यक्ष बोलावे. त्या वेळी दुसरे कोणी फोन घेत असेल किंवा मुलगी प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे" एवढेच म्हणत असेल, तर थांबू नये. अल्पवयीन मुलीसाठी १०९८, बाईसाठी १८१, आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक प्रत्येक वस्तीवरच्या भिंतीवर रंगवून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाइलमध्ये ते साठवून द्या.

जी परत आली आहे तिच्यासाठीची गरज वेगळी आणि जास्त अवघड आहे. तिला रेशनकार्डावर स्वतंत्र नाव हवे, स्वतःच्या नावाचे बँक खाते हवे, मुलांना शाळेत घेताना बापाच्या नावावरून अडवणूक व्हायला नको. दर महिन्याला खात्रीने मिळेल असे काम हवे, निदान दोन वर्षे. सोबत हवी, पण चौकशी नको. आपल्या मंडळ्यांतल्या भगिनी फार मायेने भेटायला जातात आणि दुसऱ्याच वाक्याला "कशी गं गेली होतीस?" विचारतात. तिने ते पोलिसांना सांगितले आहे, न्यायालयात सांगितले आहे, केंद्रातल्या समुपदेशकाला सांगितले आहे. तिला तुमच्याकडून शिलाई मशीनचा हप्ता, मुलाची फी, किंवा येत्या हंगामासाठी दोन शेळ्या हव्या असतील. या तिमाहीत कामरगाव परिसरासाठी आम्ही शेळ्यांची आणि मशीनची अशा दोन याद्या करत आहोत. ज्या मंडळ्यांना त्यात भाग घ्यायचा आहे त्यांनी आपल्या पाळकांमार्फत कळवावे. यादीत बायांची नावे नसतील, फक्त वस्तू आणि रकमा असतील.